चार दिवस पुढचा वाफा

उन्हाळा उतरणीला लागला की दोघी बहिणींचं फोनवर दरवर्षी एकच भांडण व्हायचं. भाज्या निघाल्यावर रिकाम्या वाफ्यांत काय पेरायचं?

थोरलीला घरातले आणि बाहेरचे सगळे ताईच म्हणत. ती डोंगराच्या वरच्या अंगाला राहायची. तिथे उन्हाळा पाहुण्यासारखा यायचा आणि चहा होईपर्यंतही थांबायचा नाही. धाकटी खाली सपाटीवर राहायची, जिथे हिवाळा म्हणजे पंखा चारवरून दोनवर आणायचा, एवढंच. धाकटीला चौपन्नावं लागलं होतं, केस निम्मे पांढरे झाले होते, तरी ताईच्या तोंडी ती ‘चिमी’च होती. आई लवकर गेली. ताईनंच तिला वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं. त्यामुळे भांडायचा हक्कही ताईनं स्वतःकडेच ठेवला होता.

माती उघडी ठेवायची नाही, हे दोघींना मान्य होतं. त्यापुढे एक बोलली की दुसरी खोडून काढणार. चिमीकडे ताग आणि चवळी. ऊन पिऊन दोन महिन्यांत कमरेला लागतात, फुलावर आली की कापून मातीत गाडायची. ताईकडे तीच चवळी वीतभर होईतो गारठून मरणार. ताई पेरायची ओट आणि वाटाणा, तेही सात आठवडे हाताशी असतील तरच. मग एके रात्री कडक दहिवर पडायचं, दव पानावरच गोठायचं, आणि सकाळी सगळं पीक काळं पडून आडवं व्हायचं. हीच त्यातली सोय. मेलेलं पीक गोधडीसारखं मातीवर पसरून राहायचं, वर बर्फ साचायचा, आणि वसंतात खाली लोण्यासारखी माती मिळायची. उशीर झालाच तर राय. ती बर्फाखालीही जिवंत राहते.

“राय म्हणजे मोहरीच ना?” चिमीचा नवरा दरवर्षी विचारायचा.

“गव्हाची चुलत बहीण आहे हो ती,” चिमी दरवर्षी सांगायची.

तो चष्मे बनवायचा. पुढच्या खोलीत त्याचं दुकान होतं. भिंगं घासायचं चाक, डब्यांत स्क्रू, आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून जन्म घालवला, पण बायकोनं काय पेरलंय ते मला कधी ओळखू आलं नाही, असं तो स्वतःच सांगायचा.

त्या वर्षी ताईनं एक कापडी पिशवी पाठवली. उन्हाळ्यात स्वतःच्या वाफ्यात पिकवलेले ओट, हातानं पाखडलेले. “एक वाफा माझा पेर,” ती फोनवर म्हणाली. “तुझ्याकडे दहिवर नाही, म्हणजे ते मरायचे नाहीत. कुठे तरी माझं काही हिवाळाभर हिरवं राहू दे.”

भावोजी जाऊन दोन वर्षं झाली होती. चिमी वाद न घालता “बरं” म्हणाली.

चिमी बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. शंभर दाणे मोजायचे, ओल्या कागदात गुंडाळायचे, वीस अंशांच्या कपाटात ठेवायचे आणि आठवड्यानं किती उगवले ते लिहायचं. ताईचे ओट तिनं सवयीनंच तपासायला लावले. शंभरच्या शंभर उगवले. सत्तावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तिथल्या मोठ्या बाईंनी चष्मा वर सरकवून म्हटलं, “मोजताना डुलकी लागली होती का?” चिमीनं पुन्हा मोजले. शंभर. त्यातले मूठभर तिनं हौसेनं एका ट्रेमध्ये मातीत लावून खिडकीत ठेवले.

घरी मागच्या अंगणात सहा वाफे होते. पाचांत ताग आणि चवळी, भिंतीकडच्या सहाव्यात ताईचे ओट. सहा आठवड्यांत ओट गुडघ्याला लागले.

एका सोमवारी सकाळी चिमी पाणी द्यायला गेली, आणि पाइप तिच्या हातातून गळून पडला. ओटांचा वाफा सपाट झाला होता. पानं उकडलेल्या पालेभाजीसारखी काळपट, लिबलिबीत. शेजारचा ताग ताठ उभा, त्यावर फुलपाखरू. हे काय आहे ते तिला कोणी सांगायला नको होतं. अठरा वर्षांची होईपर्यंत दर शरदात तिनं हे पाहिलं होतं. हे दहिवर होतं. भिंतीवरचा तापमापक सव्वीस दाखवत होता.

तिनं ताईला फोन लावला. “दहिवर पडलं का गं?”

“इतक्यात कुठलं? अजून तीन आठवडे आहेत. ओट कसे मस्त डोलतायत. का?”

“काही नाही.”

प्रयोगशाळेत पोहोचली तर मोठ्या बाई खिडकीपाशी ट्रे घेऊन उभ्या. “हा फ्रीजरमध्ये कोणी ठेवला होता?” ट्रेमधले ओट काळे पडून लोळत होते. शनिवारी संध्याकाळी कुलूप बाईंनी स्वतः लावलं होतं आणि आज सकाळी स्वतःच काढलं होतं. त्यांनी ट्रे केराच्या टोपलीत उपडा केला, हात धुतले, आणि हात धुऊन झाल्यावरही किती तरी वेळ बोटं चोळत राहिल्या.

शुक्रवारी ताईचा फोन आला. “चिमे, तुझ्या तोंडाला काही औषध आहे का? काल रात्री पडलं की दहिवर! तीन आठवडे आधी. सगळे ओट गेले.”

चिमीनं बोटांवर दिवस मोजले. सोमवार ते शुक्रवार. चार दिवस.

तिनं नवऱ्याला सांगितलं. तो हसला, “ताईंचं सगळं आधीच असतं, त्यात नवल काय,” म्हणाला, आणि मागे जाऊन त्या मेलेल्या पानांखाली हात घातला. हसणं थांबलं. त्यानं हात काढून काखेत दाबला. “बर्फ आहे गं,” तो म्हणाला. दुपारचे बारा वाजले होते, शेजारच्या वाफ्यातली माती तव्यासारखी तापली होती.

मग पावलं उमटायला लागली.

पहिल्यांदा वाफ्याच्या कडेनं, जाऊन परत आलेली. रबरी बुटांचे ठसे. डाव्या टाचेखाली एक चौकोन. चिमी खाली बसून बघत राहिली. तो चौकोन म्हणजे सायकलच्या ट्यूबचा तुकडा. ताईनं आपल्या बागेतल्या बुटाला तो चिकटवला होता आणि “नवे बूट काय करायचेत, मी काय लग्नाला जातेय?” असं वर ऐकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ठसे कडेकडेनंच अर्ध्यावर जाऊन एकदम मागे वळले होते. चिमीनं ते वहीत लिहून ठेवलं आणि बरोबर चार दिवसांनी सकाळी, राहवेना म्हणून, ताईला फोन लावला. बराच वेळ घंटी वाजली. ताई धापा टाकत बोलली, “अगं मेले, कंपोस्ट आणायला निघाले होते. निम्म्या वाटेतून परत फिरवलंस मला!”

चिमीनं वहीतली ओळ पुन्हा वाचली. फोन तिनंच केला होता.

नवरा म्हणाला, “उपटून टाकू या तो वाफा. मी फावडं आणतो.”

“आणि आपण इथे फावडं मारलं, तर चार दिवसांनी तिथे काय होईल?”

त्यानं फावडं आणलंच नाही. त्या दिवसापासून दोघंही त्या वाफ्याला वळसा घालून जाऊ लागली, घरात आजारी माणूस झोपलेलं असावं तशी.

पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी चिमी पावणेसातला मागे डोकावली. वाफा जसाच्या तसा होता. आत जाऊन तिनं चहा गाळला, दोन कप घेऊन दोघं बाहेर आली, आणि तेवढ्यात काय व्हायचं ते होऊन गेलं होतं. ठसे कडेवरून आत गेले होते. एक, दोन, तीन, चार, पाच, सरळ मध्यापर्यंत. तिथे मेलेली पानं फाटून आत ओढली गेली होती आणि माणूस मावेल एवढा खळगा पडला होता. परतीचं पाऊल एकही नव्हतं.

“ताई,” चिमी म्हणाली. हातातला कप खाली पडला ते तिला कळलंही नाही. ती फोनकडे धावली.

“ताई, येत्या रविवारी परसात पाऊल टाकू नकोस.”

“का गं?”

खरं सांगायला तिची जीभ उचलेना. “वाईट स्वप्न पडलं.”

“मग तर मुद्दाम जाईन,” ताई म्हणाली. “तुझ्या स्वप्नांवर चालले असते तर तू अजून पाळण्यात असतीस.”

फोन ठेवून चिमी वळली तर नवरा दारात उभा. चेहरा चुन्यासारखा. तो बाहेरच थांबला होता. “माझ्या डोळ्यांदेखत उमटलं,” तो म्हणाला. “कोणी नाही, काही नाही. पानं आपोआप दबली. दोन लांब रेघा, कडेपासून खळग्यापर्यंत, आणि मधे आडव्या पट्ट्या.” त्यानं हवेत बोटांनी काढून दाखवलं. “शिडी आहे गं ती. कोणी तरी शिडी आडवी टाकली.”

“म्हणजे कोणी तरी ओढून काढतंय.”

“काढायचा प्रयत्न तरी करतंय.”

“मग ती मीच,” चिमी म्हणाली आणि कपाटावरून बॅग खाली घेतली.

ती कपडे भरत होती तोवर नवऱ्यानं ताईला पुन्हा फोन केला. “ताई, तुमच्याकडे शिडी आहे का? कुठे आहे? माळ्यावर? आज खाली काढा आणि मागच्या दाराशी ठेवा. का ते विचारू नका.”

मग ताई म्हणाली, “बरं बाई. जावयाचा शब्द कोण मोडणार?”

दोन दिवस गाडी, मग वर जाणारी दिवसातली एकच बस. शनिवारी दुपारी चिमी ताईच्या दारात उभी राहिली तेव्हा ताईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “दोन वर्षं बोलावतेय, तेव्हा रजा मिळत नव्हती. आता एका स्वप्नावर मिळाली?” पण बोलता बोलता तिनं चिमीची बॅग काढून घेतली आणि तिचे गार हात आपल्या शालीत धरून ठेवले.

मागच्या दाराला शिडी टेकून उभी होती. दाराशी बूट होते, डाव्याला ट्यूबचा तुकडा. आणि पलीकडे ओटांचा वाफा, काळा, आडवा पडलेला, घरच्या वाफ्यासारखाच हुबेहूब. फक्त मधे खळगा नव्हता. ताई न्हाणीघरात गेलेली पाहून चिमीनं बूट उचलले आणि कपाटात गोधड्यांमागे दडवले.

रविवारी ताई सहालाच उठली. दोन दिवस पाऊस पडून गेला होता आणि ती खुशीत होती. “माती मऊ असेल तर आज राय टाकते. आज नाही तर मग वसंतापर्यंत नाही.” आणि मग, “माझे बूट कुठे गेले?”

“राहू दे ना, नंतर बघू.”

“नंतर म्हणजे केव्हा, बर्फात?” ताई सपाता घालूनच निघाली. चिमी दारात आडवी उभी राहिली. भिंतीवरच्या घड्याळात सहा चाळीस झाले होते. सात वाजेपर्यंत अडवलं की झालं, असं ती मनात घोकत होती.

“बाजूला हो.”

“तुला काय हवंय तिथलं? मी आणते.”

ताईनं तिच्याकडे रोखून पाहिलं. लहानपणी खोटं पकडताना पाहायची तसंच. “मूठभर माती हवीय. वाफ्याच्या मधली. कडेची नको, कडेची माती खोटं बोलते. पिळून बघायचीय.”

चिमीनं विचार केला. ठसे ताईच्या बुटांचे आहेत, तेव्हा ताई आत राहिली आणि बूट ताईच्या पायांत नसले की संकट टळलं. तिचे स्वतःचे बूट कापडी होते, बाहेर सगळं ओलंगच्च. तिनं गोधड्यांमागून ताईचे बूट काढले. “कपाटात?” ताई ओरडली. “बूट कपाटात? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?” चिमीनं ते पायांत चढवले. किंचित मोठे होत होते.

वाफ्याच्या कडेला ती क्षणभर थांबली. मग आत गेली. मेलेली पानं बुटाखाली पचपचत होती. एक, दोन, तीन. चार. पाचवं पाऊल टाकून ती वाकली, माती उचलायला हात पुढे केला, आणि सहज मागे पाहिलं.

पाच ठसे. डाव्या टाचेखाली चौकोन.

हे ठसे तिनं पाहिले होते. तिनं बुधवारी सकाळी, चहाचे कप हातात घेऊन, आपलीच पावलं पाहिली होती.

तिनं जराही न हलता उभं राहायचं ठरवलं. मग बेत बदलून, पाय मागच्या ठशातच अचूक ठेवत उलटं जायचं ठरवलं आणि डावा पाय उचलला. सगळा भार उजव्यावर आला, आणि खाली काही तरी लाकडासारखं कडकडलं.

ती काखेपर्यंत आत गेली. खाली पाणी होतं, इतकं गार की ओरडायलाही श्वास उरला नाही. पायांना तळ लागत नव्हता. एक बूट निसटून गेला. ती ज्या पानांना धरायची ती पानं हातात सुटून यायची.

“हलू नकोस!” ताईचा आवाज आला. मग लाकूड घासल्याचा आवाज, आणि शिडी तिच्या तोंडासमोर येऊन आदळली. सहासष्ट वर्षांची ताई सपाता फेकून शिडीवर पालथी पडून सरपटत आली. तिनं आधी कॉलर धरली, ती फाटली. मग तिनं केस धरले. “रड, ओरड, काय हवं ते कर, पण शिडी सोडलीस तर याद राख!” चिमीनं एक हात पट्टीवरून अडकवला, मग दुसरा. खांद्यातून काही तरी सटकल्यासारखी कळ गेली. कितीदा घसरली, किती वेळ लागला, ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही. दोघी शिडीवरूनच रांगत मागे आल्या. परतीचं पाऊल कोणाचंच उमटलं नाही.

खाली जुना पाण्याचा हौद होता. ताईच्याही आधी तिथे राहणाऱ्या कोणी तरी वर फळ्या टाकून, माती पसरून तो बुजवल्यासारखा केला होता. छत्तीस वर्षं ताई त्यावर पेरत आली होती. आत एकावर एक दोन पुरुष उभे राहतील इतकं खोल पाणी निघालं.

डॉक्टरांनी चिमीचा खांदा बसवला आणि हात गळ्यात बांधून दिला. घरी आल्यावर, शेगडीपाशी बसून, तिनं ताईला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ताई मधे एकदाही बोलली नाही. हे तिच्या बाबतीत हौदापेक्षाही नवल होतं.

“म्हणजे मला वाचवायला आलीस,” शेवटी ती म्हणाली.

“हो.”

“मी एकटी असते ना चिमे, तर कडेचीच मूठ उचलली असती. मी हल्ली मधे जातच नाही. गुडघे कुठे साथ देतात?” ती विस्तवाकडे बघत होती. “तू दारात आडवी उभी राहिलीस, म्हणून मी इरेला पेटले. म्हणून मधली मागितली.”

बाहेर माणसं हौदात दगड ओतत होती, त्याचा आवाज येत राहिला. थोड्या वेळानं ताई म्हणाली, “पण वसंतात नांगरायला माणूस लावणार होते. तो गेला असता आत.” आणि आणखी थोड्या वेळानं, “किंवा नसताही.” मग ती उठली आणि चिमीच्या केसांना तेल लावायला बसली. जिथे धरून ओढले होते तिथे बोटं आपोआप हळू होत होती.

दहा दिवसांनी चिमी घरी परतली. नवऱ्यानं ओटांचा वाफा निळ्या ताडपत्रीनं झाकून टाकला होता, चारही कडांना विटा.

“बघितलंस का नंतर?” तिनं विचारलं.

“झाकतानाही डोळे मिटून झाकला,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

चार दिवसांनी ताईचा फोन आला. हौद भरून झाला होता, वर नवी माती आली होती, आणि ती उघडी होती. “राय टाकू की नको? फार उशीर झालाय. उगवेल की कुजेल, कळत नाही.” मग आवाज खाली आला. “चिमे, तू जरा मागे जाऊन बघ ना. तुझ्या त्या वाफ्यात काय दिसतंय?”

चिमी फोन घेऊन मागच्या दारापर्यंत गेली. दुपारचं ऊन होतं. ताग फुलावर आला होता, पिवळाजर्द. त्याच्यामागे निळी ताडपत्री.

“मी नाही बघणार ताई,” ती म्हणाली. “तुझी माती आहे. तूच ठरव.”

“राय टाकते,” ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

चिमीनं दार लावून घेतलं. पण खिडकीतून दिसायचं ते दिसलंच. ताडपत्री मधोमध वर आली होती, किंचितशी, खालून कोणी बोटांच्या टोकांनी उचलून धरावी तशी. वारा नव्हता. चार दिवसांनंतरची ताईची राय असेल, किंवा दुसरंच काही असेल; बघायचं नाही, हे ठरलं होतं. तिनं नवऱ्याला हाक मारली. दोघांनी कोपऱ्यातल्या आणखी चार विटा आणल्या, नजर जमिनीवर ठेवून त्या कडांवर रचल्या, आणि आत येऊन हात धुतले.